ऋतुबदलाचे विषाणूजन्य आजार : कुटुंबाने काय जाणावे, काय करावे

आमच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, विभागवार कामाचा आढावा आणि देणगीदारांची नामावली यांबरोबर आरोग्यशिक्षणाचा एक लेख देण्याची प्रथा आम्ही पाळत आलो आहोत. असा लेख वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच लिहावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. या वेळी तो प्रशासनाच्या बाजूने लिहिला जात आहे. यातील वैद्यकीय माहिती आमच्या डॉक्टरांच्या सहवासात आम्ही शिकलो. परंतु ती प्रसंगी रुग्णाच्या घरापर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर मात्र आम्हांस आमच्याच टेबलावर सापडले. ते सन्माननीय विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर मोकळेपणाने ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहत म्हणजे यंत्रमागांचा परिसर. येथील चादरी आणि टॉवेल देशभर व परदेशांतही जातात. मागावर काम करणारा कामगार, घरी विड्या वळणारी त्याची पत्नी, शाळेत जाणारी मुले आणि वृद्ध आई-वडील, असे पाच-सहा माणसांचे कुटुंब पुष्कळदा एक-दोन खोल्यांत राहते. अशा घरात एकाला ताप आला की आठवड्याभरात घरातील निम्मी माणसे अंथरूण धरतात. रोजंदारी आणि नगावरची मजुरी यांवर चालणाऱ्या संसारात ताप हा केवळ शरीराचा आजार राहत नाही, तो घरखर्चाचाही आजार होतो.

विषाणू म्हणजे काय?

विषाणू हा जिवाणूहून कितीतरी पटींनी लहान असतो. तो स्वबळावर वाढू शकत नाही. माणसाच्या पेशीत शिरून, तिच्याच यंत्रणेचा वापर करून तो आपल्या प्रती तयार करतो. सर्दी, इन्फ्लुएन्झा, कोविड, गोवर, कांजिण्या, डेंग्यू, चिकुनगुन्या, लहान मुलांचे रोटाव्हायरसचे जुलाब आणि दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ हे सर्व विषाणूंचेच आजार होत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. प्रतिजैविके, म्हणजे आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे, जिवाणूंवर चालतात. विषाणूंवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. साध्या विषाणूजन्य तापात ती घेतल्याने ताप एक दिवसही आधी उतरत नाही. उलट पैसा जातो, पोट बिघडते आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा तेच औषध निकामी ठरण्याचा धोका वाढतो. ‘सुई दिल्याशिवाय डॉक्टर चांगला नाही’ ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. आमच्या डॉक्टरांनी एखाद्या तापात इंजेक्शन वा प्रतिजैविक नाकारले तर तो हलगर्जीपणा न मानता विचारपूर्वक दिलेला सल्ला मानावा, ही विनंती.

सोलापूरच्या ऋतूंचे आजार

प्रत्येक ऋतूचे काही ठरलेले पाहुणे असतात. ते केव्हा येतात हे माहीत असले तर दार वेळीच लावता येते.

उन्हाळा आपल्याकडे प्रखर. हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत कांजिण्या आणि गोवर यांचे प्रमाण वाढते. याच दिवसांत घरोघरी पाण्यावर चालणारे कूलर सुरू होतात आणि पाणीटंचाईमुळे घरातील साठाही वाढतो. पावसाळ्याच्या साथीची बीजे अशी उन्हाळ्यातच पेरली जातात.

पावसाळ्यात इन्फ्लुएन्झाचे रुग्ण वाढतात, डोळे येण्याची साथ पसरते आणि पाणी दूषित झाल्यास कावीळ व जुलाब सुरू होतात. पावसाळ्याच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा.

थंडीत रोटाव्हायरसचे जुलाब लहान मुलांना ग्रासतात आणि जानेवारी ते मार्च या काळात इन्फ्लुएन्झा पुन्हा डोके वर काढतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास श्री सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. यात्रेला अवश्य जावे. मात्र ज्यास ताप-खोकला आहे त्याने त्या दिवशी घरी थांबणे हाही धर्मच आहे.

बार्शीची साथ आणि तिचा धडा

साथी परगावाहून येतात असे आपण मानतो. पण चिकुनगुन्याच्या भारतातील इतिहासात आपल्याच जिल्ह्याचे नाव ठळकपणे नोंदले गेले आहे. हा विषाणू प्रथम १९५२-५३ च्या सुमारास आफ्रिकेतील आजच्या टांझानियात ओळखला गेला. चिकुनगुन्या हे नाव तेथील माकोंडे भाषेतून आले असून, सांधेदुखीने माणूस वाकून जातो असा त्याचा आशय आहे. भारतात पहिली मोठी साथ १९६३ साली कोलकात्यात आली आणि १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत तिने थैमान घातले. त्या वेळी झालेल्या पाहणीत शेकडा ३७ हून अधिक लोकांना हा आजार झाल्याचे आढळले. म्हणजे दर तीन माणसांतील एकाहून अधिक माणसे आजारी पडली.

त्यानंतर सुमारे ३२ वर्षे हा आजार देशातून जवळजवळ दिसेनासा झाला. लोक त्याचे नावही विसरले. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ साली देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तत्कालीन आंध्र प्रदेश या राज्यांना त्याचा मोठा फटका बसला. आपला जिल्हा या पट्ट्यातच येतो.

विषाणू इतक्या वर्षांनी परतला तेव्हा त्याला पसरवणारा डास आपल्या घरात होताच, कारण त्याला लागणारे साठवणीचे पाणीही होतेच. आजार गेला तरी त्याला आसरा देणाऱ्या सवयी आपण मोडल्या नव्हत्या. साथ ओसरल्यावर खबरदारी सोडून देणे किती महाग पडते, हाच बार्शीचा धडा.

त्याहून जुनी आठवण १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची. तिला आपल्याकडील लोक ‘मानमोडी’ म्हणत. मुंबई बंदरातून शिरलेली ती साथ रेल्वेने गावोगाव पोहोचली आणि तिने हिंदुस्थानात सव्वा कोटींच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे नेली असा अंदाज आहे. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा देशातील पहिला मृत्यू ऑगस्ट महिन्यात पुण्यात झाला. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडने सोलापुरात प्रवेश केला, तो काळ तर कोणीच विसरलेले नाही. या साथींनी एकच गोष्ट शिकवली : आजाराची सुरुवात बाजारात किंवा कारखान्यात होवो, तो वाढतो घरात आणि त्याला आवरताही येते ते घरातच.

पिंप, पाणी आणि डास

सोलापूर शहरास वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने पाणी मिळत आले आहे. उजनीचे पाणी नळाला येईल त्या दिवशी घरातील प्रत्येक भांडे भरून ठेवणे ही आपल्या गृहिणींची सवय नव्हे, गरज आहे. पिंप, रांजण, हौद, प्लॅस्टिकचे बॅरल, बादल्या, सारे काही भरले जाते. पाणी साठवू नका असा उपदेश अशा घरास करणे म्हणजे त्यांच्या अडचणीची थट्टा होय. साठवावे, परंतु झाकून साठवावे.

डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास गटाराच्या घाण पाण्यात सहसा वाढत नाही. त्यास घरातील स्वच्छ, साठलेले पाणी लागते. त्याच्या काळ्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यानंतर आणि सूर्यास्तापूर्वी त्याचा उपद्रव अधिक असतो. चावणारी मादी असते आणि ती आपल्या जन्मस्थानापासून फार दूर जात नाही. म्हणजेच आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच किंवा शेजारच्या घरात जन्मलेला असतो.

मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर भांड्याच्या आतील भिंतीला अंडी चिकटवते. आपल्या हवामानात अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. उष्णता अधिक असल्यास त्याहून कमी. यास्तव आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळावा असे सांगितले जाते. त्या दिवशी भांडी रिकामी करावीत. परंतु केवळ ओतून देणे पुरेसे नाही. कोरड्या पडलेल्या भिंतीवर ही अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी भरताच पुन्हा फुटतात. म्हणून काथ्याने वा घासणीने आतील बाजू घासून, धुऊन, उन्हात वाळवून मगच पाणी भरावे.

जे पिंप वा हौद रिकामे करणे शक्य नाही, त्यांच्या तोंडावर घट्ट विणीचे सुती कापड ताणून दोरीने बांधावे. मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडावेत. ते डासांच्या अळ्या खातात. कूलरची टाकी, फ्रिजच्या मागील पाण्याचे तबक, कुंडीखालची बशी, गच्चीवरील जुने टायर, नारळाच्या करवंट्या यांची पाहणी प्रत्येक आठवड्यास करावी. साऱ्या देशाला चादरी पुरवणाऱ्या या गावात पिंपावर बांधण्यापुरते कापड मिळत नाही असे कोणी म्हणू नये. मागावरील सदोष तागा वा उरलेला तुकडा या कामास पुरेसा आहे.

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. एका पावसाळ्यात आमच्या रुग्णालयाचे आरोग्य कर्मचारी वस्त्यांत पिंपे तपासून परतले. त्यांच्यापैकी एकीने सहज म्हणून आमच्या लेखा विभागातील बंद पडलेल्या कूलरचे झाकण उघडले. तळाच्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. ज्या खोलीत बसून आम्ही फवारणीची देयके मंजूर करीत होतो, तेथेच डासांची पैदास चालू होती. त्या दिवसापासून रुग्णालयात दर शनिवारी कोरडा दिवस पाळला जातो आणि तपासणीच्या वहीवर पहिली सही प्रशासनाची असते.

एका कुटुंबाचा अनुभव

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. संबंधितांची ओळख देत नाही.

टॉवेलच्या मागावर काम करणाऱ्या एका कामगाराच्या अकरा वर्षांच्या मुलास ताप आला. तिसऱ्या दिवशी आई त्याला आमच्या बाह्यरुग्ण विभागात घेऊन आली. रक्त तपासले, डेंग्यू निघाला. मुलगा चालत-बोलत होता, पाणी पीत होता. दाखल करण्याची गरज नव्हती. डॉक्टरांनी तापाचे औषध दिले, भरपूर पातळ पदार्थ देण्यास सांगितले आणि धोक्याच्या सूचनांचा छापील कागद आईच्या हाती दिला. बाहेर रांग मोठी होती.

पाचव्या दिवशी ताप उतरला. घरात आनंद झाला. दुपारी मुलाचे पोट दुखू लागले, दोन-तीन उलट्या झाल्या, तो मलूल होऊन पडला, हातपाय गार लागू लागले. तापाने अशक्तपणा आला असेल असे आईला वाटले. वडील रात्रपाळीला गेले होते. सकाळी ते घरी आले तेव्हा मुलगा नीट उत्तर देईना. रिक्षातून त्याला आणले तेव्हा त्याची नाडी हाताला जेमतेम लागत होती.

पाच दिवस तो अतिदक्षता विभागात होता. पहिल्या दोन रात्री आमच्या डॉक्टरांनाही खात्री देता येत नव्हती. सुदैवाने तो वाचला आणि आपल्या पायांनी चालत घरी गेला.

नंतरच्या बैठकीत बालरोग विभागाच्या डॉक्टरांनी तो छापील कागद आमच्यासमोर ठेवला आणि विचारले, “यातून त्या आईला काय समजायला हवे होते?” कागद इंग्रजीत होता. त्या घरात तेलुगू बोलली जाते. आई मराठी बोलते, थोडी वाचते. आम्ही तिला त्या कागदाविषयी विचारले होते, तेव्हा ती म्हणाली होती, “जपून ठेवलाय साहेब, देवाजवळ. ताप उतरला होता की हो, मग कशाला यायचं म्हणून आले नाही.”

इंग्रजीतील एकच नमुना छापून घेण्याचा निर्णय आमचा होता. तीन-चार भाषांत छापल्यास खर्च वाढतो, असे टिपण आम्हीच लिहिले होते. कागदावर ती बचत अचूक होती. वाणिज्य शाखेच्या शिक्षणाने आम्हांस प्रत्येक खर्चास एक खाते असते हे शिकवले; न केलेल्या खर्चाचेही खाते असते आणि ते दुसऱ्याच्या नावे पडते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आज हा कागद मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी आणि उर्दू या भाषांत, मोठ्या अक्षरांत व चित्रांसह दिला जातो. तो नुसता हातात दिला जात नाही. परिचारिका तो वाचून दाखवते आणि नातेवाइकांकडून धोक्याची लक्षणे परत म्हणवून घेते. यास प्रत्येकी तीन-चार मिनिटे लागतात. रांग थोडी लांबते, ती लांबू द्यावी असे आम्ही ठरवले आहे.

ताप उतरल्यावर सावध का राहावे?

डेंग्यूतील खरा धोका ताप चढलेला असताना कमी असतो. बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान, ताप उतरू लागतो तेव्हा, काही रुग्णांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातील द्रव बाहेर झिरपतो. रक्त घट्ट होते, रक्तदाब खाली येतो आणि अवयवांस पुरवठा कमी पडतो. हा नाजूक काळ एक-दोन दिवसांचा असतो. वेळीच योग्य प्रमाणात सलाइन मिळाल्यास बहुतेक रुग्ण यातून सुखरूप बाहेर पडतात. उशीर झाल्यास काही तासही भारी पडतात.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास, ताप असो वा नसो, दिवस असो वा रात्र, रुग्णालयात यावे :

१. पोटात सतत व तीव्र दुखणे.
२. वारंवार उलट्या होणे, पाणीही न टिकणे.
३. हिरड्या वा नाकातून रक्त येणे, काळी शौच होणे, अंगावर लाल ठिपके उमटणे.
४. रुग्ण मलूल, चिडचिडा किंवा गुंगीत असणे.
५. हातपाय थंड व घामेजलेले असणे.
६. सहा तासांत लघवी न होणे.
७. धाप लागणे.

प्लेटलेट हा शब्द आता सर्वांच्या तोंडी झाला आहे. आकडा घसरला की नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात. परंतु केवळ आकडा कमी आहे म्हणून प्रत्येकास प्लेटलेट चढवाव्या लागत नाहीत. रक्तस्राव होत आहे काय, रक्तदाब कसा आहे, रक्त घट्ट होत आहे काय, हे पाहून डॉक्टर निर्णय घेतात. पपईच्या पानांचा रस घेऊन घरी थांबणे आणि त्या भरवशावर तपासणी टाळणे हे जिवावर बेतू शकते.

चिकुनगुन्यात जिवाचा धोका तुलनेने कमी, परंतु सांधेदुखी कित्येक आठवडे, काहींना कित्येक महिने राहते. विड्या वळणाऱ्या भगिनींसाठी हे संकट वेगळेच असते. कुंभारीच्या कॉम्रेड गोदूताई परुळेकर घरकुलासारख्या विडी कामगारांच्या वसाहतींत घरोघरी मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. मनगट आणि बोटे आखडली की सूप मांडीवर घेता येते, पण पान वळत नाही. आजार बरा झाल्याचे कागद सांगतात आणि कमाई मात्र थांबलेली असते. म्हणून पिंपावरचे फडके हे या घरांसाठी रोजगाराचेही रक्षण आहे.

घरी शुश्रूषा कशी करावी?

बहुतेक विषाणूजन्य ताप पाच ते सात दिवसांत आपोआप बरे होतात. त्या काळात विश्रांती, पुरेसे पाणी आणि वेळोवेळी निरीक्षण हेच खरे औषध. ताकद टिकवण्यास भाताची पेज, वरणाचे पाणी, ताक, लिंबू सरबत, शहाळे यांपैकी जे रुचेल ते थोडे थोडे द्यावे. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वय व वजन पाहून ठरवलेल्या मात्रेतच द्यावे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा दुकानातून मागून आणलेली अंगदुखीची गोळी डेंग्यूची शंका असताना मुळीच देऊ नये. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. कपाळावर व अंगावर साध्या पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, बर्फाच्या नव्हेत. घाम काढण्यासाठी रुग्णास चादरींत गुंडाळून ठेवू नये. डेंग्यूच्या रुग्णास दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे, म्हणजे त्याला चावलेला डास घरातील दुसऱ्यास आजार देणार नाही.

लहान मुलांना जुलाब झाल्यास जलसंजीवनीची अख्खी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजावी. अर्धी पुडी अर्ध्या अंदाजाने कालवू नये. केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकची गोळी चौदा दिवस पूर्ण द्यावी; जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नये.

वृद्ध, गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि मधुमेह, दमा, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ताप आल्यावर घरी वाट पाहू नये. इन्फ्लुएन्झावरील औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडते.

हवेतून आणि हातातून पसरणारे आजार

इन्फ्लुएन्झाचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना आजार देऊ शकतो. एका खोलीच्या घरात स्वतंत्र खोली कोठून आणावी, हा प्रश्न आम्हांस ठाऊक आहे. तरीही काही गोष्टी शक्य आहेत. रुग्णाचे अंथरूण खिडकीजवळ किंवा दाराजवळ घालावे व हवा खेळती ठेवावी. शुश्रूषा शक्यतो एकानेच करावी. रुग्णाने व शुश्रूषा करणाऱ्याने मास्क वा स्वच्छ दुहेरी रुमाल वापरावा. खोकताना-शिंकताना तळहाताऐवजी कोपराचा आडोसा घ्यावा. जेवणापूर्वी, शौचानंतर आणि रुग्णास हात लावल्यानंतर साबणाने किमान वीस सेकंद हात धुवावेत. पाणी तुटपुंजे असेल तेथे पिंपात हात न बुडवता दांड्याच्या पळीने पाणी घ्यावे.

डोळे येण्याचा आजार नुसते पाहिल्याने होत नाही. तो हात, रुमाल आणि सामाईक टॉवेल यांतून पसरतो. टॉवेलच्या या गावात प्रत्येक माणसाला स्वतःचा टॉवेल असावा एवढीच अपेक्षा.

कारखान्यांच्या मालकांनाही आमची विनंती आहे. तापलेला कामगार पाळीवर आला तर एका माणसाचे काम होते खरे, पण आठवड्याभरात चार माग बंद पडतात. पिण्याच्या पाण्याजवळ एकच सामाईक पेला ठेवू नये आणि आजारी कामगारास दोन दिवसांची रजा विनासंकोच द्यावी.

लसीकरण

गोवर हा सर्वांत वेगाने पसरणाऱ्या आजारांपैकी एक आहे. त्याचा विषाणू बंद खोलीतील हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा लस न घेतलेली बालके तीत बळी पडली. गोवर-रुबेलाची लस बाळाचे नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुढे १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान अशी दोनदा, तर रोटाव्हायरसची लस सहा, दहा व चौदा आठवड्यांना तोंडावाटे दिली जाते. या लसी शासकीय कार्यक्रमात विनामूल्य मिळतात. गोवर-कांजिण्यांत कडुनिंबाचा पाला बिछान्याशी ठेवण्याची आपली रीत आहे. त्यास आमचा विरोध नाही. त्याबरोबर डॉक्टरांनाही दाखवावे आणि गोवरात जीवनसत्त्व ‘अ’ ची मात्रा चुकवू नये. इन्फ्लुएन्झाचा विषाणू रूप पालटत असल्याने त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. वृद्ध, गरोदर स्त्रिया व दीर्घ आजार असलेल्यांनी तिच्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

जमाखर्चाची शेवटची ओळ

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. आमच्याकडे पैसे नाहीत म्हणून रात्री घरी थांबलो, असे सांगणारी कुटुंबे आजही भेटतात. आधी यावे, कागदपत्रांचे नंतर पाहता येते. आमच्या समाजसेवा विभागाचे दार त्यासाठीच आहे. अकरा वर्षांच्या त्या मुलाच्या उपचारांचा मोठा भाग याच निधीतून व आपल्या देणग्यांतून भागला. तरीही वडिलांचा बुडालेला पगार आणि आईच्या न वळल्या गेलेल्या विड्या यांची भरपाई कोणत्याही निधीतून झाली नाही.

देणगीदारांस सहसा यंत्राचे वा खाटेचे नाव सांगून मदत मागितली जाते, आणि ती गरजही खरीच आहे. परंतु पाच भाषांतला एक कागद, तो वाचून दाखवणाऱ्या परिचारिकेची चार मिनिटे आणि पिंपाच्या तोंडावर बांधलेले हातभर कापड यांनाही आपल्या दानात स्थान मिळावे, अशी आमची विनंती आहे. अतिदक्षता विभागातील खाट रिकामी राहिली तर लेखापुस्तकात ते उत्पन्नाचे नुकसान दिसते. आमच्या दृष्टीने ती सर्वांत समाधानाची नोंद ठरेल.

रुग्णांच्या नातेवाइकांना एवढेच सांगणे : आम्ही दिलेला कागद देवाजवळ ठेवला तरी चालेल, पण ठेवण्यापूर्वी तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा, आणि ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस रुग्णाजवळ बसून राहावे. आपल्या घरातील पिंपावर या शनिवारी फडके बांधले जावे, हीच नम्र अपेक्षा.